संकटात हसू कसे जपावे: ख्रिस्ती कुटुंबांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, यावरून त्या पुराची कल्पना यावी. आमचे सांगलीतील नातेवाईक होडीतून बाहेर पडले आणि मिरजेत आमच्या दोन खोल्यांत तेरा माणसे राहू लागली. निघण्याच्या घाईत थोरल्या आत्यांनी कागदपत्रांची म्हणून जी पिशवी माळ्यावरून उतरवून छातीशी धरून आणली, ती उघडल्यावर तिच्यात किलोभर भडंग निघाले. घराचे कागद, रेशनकार्ड आणि सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले मागेच राहिले होते. आत्या भिंतीला टेकून बराच वेळ रडल्या आणि त्यांना कोणी गप्प केले नाही. रात्री जेवणाआधी प्रार्थना करण्याची पाळी नेमकी त्यांच्यावर आली. डोळे मिटून त्या म्हणाल्या, “प्रभो, त्या पोरापाशी पाच भाकरी अन् दोन मासळ्या हुत्या. आमच्यापाशी किलोभर भडंग हाय. पुढचं तू बघ.” एका पोराच्या तेवढ्याच शिदोरीतून येशूने हजारोंना जेवू घातल्याची शास्त्रातील गोष्ट त्यांच्या मनात होती. त्यानंतर ‘आमेन’ कोणालाच धडपणे म्हणता आले नाही. तेराही माणसे हसत होती, आणि आत्या सर्वांत जास्त.

कागद पुन्हा मिळवण्यासाठी पुढे सात-आठ महिने खेटे घालावे लागले, तेव्हा त्या हसण्याने एखादा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. परंतु चार दिवसांत प्रथमच त्या घरात सगळे पोटभर जेवले आणि काही जण झोपलेही. त्या रात्रीचा विचार करताना आणि पुढे मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, आजारी व शोकाकुल घरांना भेटी देताना माझे असे मत झाले की, विश्वासातून येणारे हसू ओढून आणता येत नाही. त्याच्या वाटेतले अडसर मात्र आपल्याला दूर करता येतात. ते कसे करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

रडण्याला आधी जागा द्या

पहिला अडसर आपण स्वतःच घालतो. उपासनेनंतर दारात कोणी “कसे आहात?” असे विचारले की, घरी काहीही चालले असले तरी “प्रभूच्या कृपेने सर्व ठीक” हे उत्तर आपल्या तोंडून आपोआप निघते. दुःख बोलून दाखवले तर विश्वास कमी पडला असे लोक समजतील, ही भीती त्यामागे असते. ज्या घरात रडू दाबून ठेवलेले असते, त्या घरात हसूही दबलेलेच राहते. दोन्ही एकाच दाराने बाहेर येतात, असे मला वाटते.

पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेत मात्र ही भीती कोठेही दिसत नाही. तेराव्या स्तोत्रात अवघी सहा वचने आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या दोन वचनांतच स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा “किती वेळ?” असे विचारतो. हे स्तोत्र मोठ्याने वाचावे. प्रत्येक “किती वेळ” नंतर क्षणभर थांबून आपली अडचण साध्या शब्दांत सांगावी: नोकरी सुटल्यापासून किती वेळ, मुलाचा ताप उतरेपर्यंत किती वेळ, सावकाराचे तोंड बंद होईपर्यंत किती वेळ. घरातील प्रत्येकाला एकेक वाक्य बोलू द्यावे आणि कोणाच्याही वाक्यावर उपदेश करू नये. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि बिघाडाला सुरुवात झाली. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात रडण्याचा समय आधी आणि हसण्याचा समय नंतर सांगितला आहे. या क्रमातून एखादा सिद्धांत काढणे योग्य होणार नाही, तरी आमच्या घराचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

शास्त्रातील गमती मोठ्याने वाचा

आपण पवित्र शास्त्र एका ठरावीक गंभीर सुरात वाचतो आणि त्या सुराखाली त्यातील गमती दबून जातात. त्या ऐकू येण्यासाठी अभ्यासापेक्षा आवाजाची गरज अधिक असते. पात्रे वाटून घ्या आणि एकाने निवेदन करावे. मुलांना हे लगेच जमते. मोठ्यांना थोडा संकोच वाटतो, पण दुसऱ्या वाचनाला तो जातो.

सुरुवात अब्राहामाची पत्नी सारा हिच्यापासून करावी. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात ती तंबूच्या दारामागून पाहुण्यांचे बोलणे चोरून ऐकते. नव्वदीला टेकलेल्या आपल्याला मुलगा होणार हे कानावर पडताच ती मनातल्या मनात हसते. देव विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी हसले नाही. देव म्हणतो, नाही, तू हसलीसच. एवढ्यावर तो प्रसंग संपतो. शिक्षा नाही, दिलेले वचन मागे घेणे नाही. पुढे मुलगा होतो आणि त्याचे नाव इसहाक ठेवले जाते, ज्याचा अर्थच ‘तो हसतो’ असा आहे. अविश्वासाने हसलेल्या बाईच्या मांडीवर देवाने हसूच ठेवले. ‘माझा विश्वास पुरेसा नाही’ या विचाराने जे खचलेले असतात, त्यांच्याबरोबर हा भाग अवश्य वाचावा.

माझा सर्वांत आवडता प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायातील आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, दोन साखळ्यांनी बांधलेला आहे, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला आहे, आणि त्याच्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा आहे. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत आहे. देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, नगराचे लोखंडी दार आपोआप उघडते. पेत्र थेट प्रार्थना चाललेल्या घरी जातो आणि दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत जाते. आत लोक तिला म्हणतात, तू वेडी आहेस. ती ठामपणे सांगते, तेव्हा ते म्हणतात, तो त्याचा देवदूत असेल. ज्याच्या सुटकेसाठी ही मंडळी गुडघे टेकून बसली आहे तो बाहेर उभा आहे, आणि त्याच्यासाठी सरकारी तुरुंगाचे दार उघडले, पण विश्वासणाऱ्यांच्या घराचे दार काही उघडत नाही! आमच्या घरी हा भाग वाचताना रुदेचे काम नेहमी सर्वांत लहान मुलीकडे असते, आणि पेत्र झालेल्याला खरोखरच दाराबाहेर उभे केले जाते. एकदा त्याला तसाच विसरून आम्ही पुढचा अध्याय वाचायला घेतला.

मात्र हाच अध्याय सुरुवातीपासून वाचला तर दुसऱ्याच वचनात योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेल्याचे कळते. त्याच्यासाठीही लोकांनी प्रार्थना केली नसेल का? एक सुटला आणि एक सुटला नाही, आणि या पुस्तकाचा लेखक लूक याने दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या. रुदेची गंमत सांगण्यासाठी त्याने याकोबाचे मरण लपवले नाही, किंवा त्या मरणामुळे ही गंमत गाळलीही नाही. ज्या घरात एकाच आठवड्यात वाईट आणि चांगली बातमी आली आहे, तेथे हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. मधूनच उचलू नये.

बाकीचे प्रसंग आपापले शोधून काढता येतील. प्रेषितांच्या कृत्यांच्याच विसाव्या अध्यायातला युतुख नावाचा तरुण प्रेषित पौलाचे लांबलेले भाषण ऐकता ऐकता खिडकीत पेंगतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. त्याला मेलेला म्हणून उचलतात, तो जिवंत होतो, आणि पौल वर जाऊन भाकर मोडतो व पुन्हा पहाटेपर्यंत बोलत राहतो. हा भाग पाळकांच्या देखत वाचायला थोडे धैर्य लागते. योनाच्या पुस्तकात निनवेची गुरेढोरेसुद्धा गोणपाट पांघरून उपास करतात. आणि दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेल्या, स्वतःच्या डोळ्यात मुसळ असलेल्या माणसाचे चित्र येशूने काढले, तेव्हा ऐकणारे गंभीर चेहऱ्याने बसून राहिले असतील हे मला पटत नाही.

हसायचे तर आधी स्वतःला

साताऱ्याचा आणि मराठी ख्रिस्ती विनोदाचा जवळचा संबंध आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या सर्व धामधुमीत त्यांच्याबरोबर असलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर वाट्याला आलेली ताटातूट, दारिद्र्य, आजारपणे आणि मुलांची मरणे हे सर्व त्या पुस्तकात आहे, आणि तरीही वाचताना आपण वारंवार हसतो.

ते पुस्तक मी अनेकदा वाचले आहे आणि त्यातून मला उचलण्याजोगी एक रीत सापडली. लक्ष्मीबाई दुसऱ्याची फजिती सांगण्यापूर्वी स्वतःची सांगतात. आपले अज्ञान, आपले हट्ट, आपला भित्रेपणा त्या मोकळेपणाने वाचकापुढे ठेवतात. त्यामुळे टिळकांच्या विसराळूपणाची आणि उधळ्या स्वभावाची थट्टा त्या करतात, तेव्हा त्यात तक्रार असूनही विष नसते. दुसरे असे की, प्रसंग जसा घडला तसा, बारीकसारीक तपशिलासह त्या सांगतात आणि हसण्याचे काम वाचकावर सोडून देतात.

हे घरी करून पाहण्यासाठी एक साधी शंभर पानी वही पुरते. आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, त्या आठवड्यात आपली स्वतःची झालेली एक फजिती प्रत्येकाने तीन-चार ओळींत लिहावी. दुसऱ्याची फजिती लिहायची असेल तर त्याची परवानगी घ्यावी. प्रसंग सजवू नये, त्यातून बोध काढू नये, फक्त तारीख घालावी. आमच्या वहीत पुरानंतरच्या महिन्यात अशा नोंदी आहेत: चिखल काढताना एकाने अर्धा तास घासून स्वच्छ केलेली कढई शेजाऱ्यांची निघाली, मदत म्हणून आलेल्या कपड्यांत काकांना लग्नाची शेरवानी मिळाली आणि दुसरे कोरडे कपडे मिळेपर्यंत दोन दिवस त्यांनी तीच घातली, पंचनाम्याला आलेल्या माणसाने “भिंतीवर पाणी कुठवर होतं?” असे विचारल्यावर आत्यांनी “भिंत कुठंवर हुती ते आधी इचारा” असे उत्तर दिले. त्या दिवसांत यातील एकही गोष्ट गमतीची वाटली नव्हती. वही उपयोगी पडते ती नंतर. पुढचे संकट आले की मागचे पान उघडता येते, आणि त्या पानावर केवळ पाण्याची पातळी नसते. इस्राएल लोक दगड रचून आठवण ठेवत असत; आमची आठवण वहीत असते.

आजाऱ्याच्या खाटेजवळ

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. सतारी आणि शस्त्रक्रिया या दोन गोष्टींसाठी लोक येथे दुरून येतात, आणि शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांची संख्या अर्थातच जास्त असते. त्यामुळे रुग्णाला भेटायला जाणे हे आमच्याकडील मंडळ्यांचे नेहमीचे काम आहे, आणि त्यात चुकाही नेहमीच्याच होतात.

विनोदाची सुरुवात रुग्णाने करावी, भेटणाऱ्याने नव्हे. तो आपल्या सलाईनला, कॅथेटरला किंवा दवाखान्यातल्या मिळमिळीत उपम्याला हसला, तर त्याच्याबरोबर अवश्य हसावे. तो हसला नाही तर त्याच्या खाटेजवळ शांत बसावे. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात म्हटले आहे की, खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणे हे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे. डिसेंबरमध्ये पाचगणीला पहाटे उभे राहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला हसताना टाके ओढले जाऊन दुखते, म्हणून खोकताना धरतात तशीच एक उशी पोटाशी हलकेच दाबून धरायला त्याला सांगावे, आणि आपल्या गोष्टी आठवडाभर राखून ठेवाव्यात. प्रार्थना दोन मिनिटांत संपवावी. लांबली तर युतुखाची आठवण ठेवावी. रुग्णाची खाट तिसऱ्या मजल्यावर असते तेव्हा तर विशेषच.

अमक्याला हाच आजार होता आणि तो खडखडीत बरा झाला, ही साक्ष फार जपून द्यावी. शेजारच्या खाटेवरील माणूसही ती ऐकत असतो. त्यापेक्षा मंडळीतल्या साध्या घडामोडी सांगाव्यात: नाताळच्या नाटकात यंदा मेंढपाळ किती झाले आणि मेंढरू व्हायला एकही मुलगा कसा तयार नाही, पेटीचा भाता कसा फाटला, कोणाची मोटारसायकल उपासनेच्या वेळी कशी बंद पडली. आजारी माणसाला सर्वांत जास्त खंत असते ती आपल्यावाचून सर्व काही चालले असल्याची. त्याच्या अनुपस्थितीत पेटीचा भाता फाटला हे ऐकून त्याला खरोखर बरे वाटते.

कोठे थांबावे

पूर्वी जर्मन भाषिक प्रदेशातील मंडळ्यांत ईस्टरच्या उपासनेत धर्मोपदेशक मुद्दाम गमतीच्या गोष्टी सांगून लोकांना हसवीत असत. ख्रिस्त उठला आणि मरण फसले, याचा तो आनंद होता. पुढे त्या गमती इतक्या घसरल्या की धर्मसुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. आनंद खरा असला तरी जिभेला लगाम लागतोच. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने अचकट बोलण्याला मनाई केली आहे. दुसऱ्याला फसवून “मी तर गंमत केली” असे म्हणणाऱ्याला नीतिसूत्रे जळते कोलीत फेकणाऱ्या वेड्याची उपमा देतात.

आमच्याकडे दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा गट: दफनविधीच्या वेळेची सूचना आणि लगेच तिच्याखाली नवरा-बायकोचा विनोद, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. अशी सूचना आल्यावर निदान तीन दिवस पुढे ढकलायचे विनोद थांबवावेत, असे गटात आधीच ठरवून घ्यावे. दुसरे म्हणजे सांत्वनाची प्रार्थना. गेलेल्या माणसाच्या गमतीदार सवयी आठवून शोकाच्या घरी हसू फुटते आणि ते फार मोलाचे असते, पण पहिली आठवण घरच्या माणसाने काढावी. विधवा स्वतःहून म्हणाली की, यांना स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही, तर मग बाकीच्यांनी आपापले चष्म्याचे किस्से सांगायला हरकत नाही. तोपर्यंत, ज्याला येशू मरणातून उठवणार होता त्या मित्र लाझराच्या कबरेजवळ येशू रडला, हे वचन पुरेसे आहे. त्याला पुढे काय होणार आहे ते ठाऊक होते, तरीही तो रडला. जात, अपंगत्व, मूल नसणे, कर्ज यांवर थट्टा कधीच करू नये. यापेक्षा अधिक स्पष्टीकरण मी देत नाही.

हसू येतच नाही तेव्हा

काही वेळा यातील काहीच लागू पडत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवणाची चव जाते, आवडती माणसे नकोशी होतात, जगावेसे वाटत नाही. अशा वेळी विश्वास वाढवण्याचा सल्ला देऊ नये आणि वहीही पुढे करू नये. हा आजार असू शकतो, आणि त्यासाठी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावे, जसे आपण ताप आल्यावर जातो. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मंडळीच्या फळ्यावर उपासनेच्या वेळांबरोबर लिहून ठेवावा.

अशा माणसाबरोबर बसण्याची वेळ आली तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे. ते वाचून झाल्यावर काही बोलू नये. चहा ठेवावा, साखर विचारून घालावी, आणि पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगून निघावे.